आमच्या ह्यांची सायकल

शेजारच्या सुमनकाकूंनी माळ्यावरची जुनी सायकल माझ्याकडे दुरुस्तीला दिली. म्हणाल्या, "आमच्या ह्यांची. शर्यतीची आहे." मला शंका आली. साध्या सायकलीवर भारी नाव चिकटवलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. उलटी करून पाहिली, तर पोलाद अस्सल निघालं. पुढचं चाक मुद्दाम लहान, म्हणजे वेळ मोजून एकेकट्याने पळवायच्या शर्यतीची. मात्र सीटच्या दांड्यावर आवळल्याची जुनी खूण होती, ती फार वर, म्हणजे सीट अगदी खाली. तिथे सीट बसवली आणि संशय पुन्हा जागा झाला. सायकल खोटं बोलत नव्हती, मग कोण?

"काकू, काका तर सहा फूट होते."

"लग्नाआधीची, माझी आहे. पण माझी म्हटलं, तर कुणाला खरं वाटत नाही."

मग वाकून त्यांनी मागचं चाक अंगठ्याने दाबलं. "हवा कमी आहे," म्हणाल्या.