आधी कडी, मग चौकशी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगत असताना मधे कोणी फिदीफिदी केलेलं मला खपत नाही, आणि ऐंशी उलटली म्हणून माझा हात उठत नाही असंही समजू नका!

नणंदेला बघायला आलेला नवरदेव मी कोंडून ठेवला होता. भर दुपारी. कडी लावून. पोहे देण्याआधी!

दोष माझा नाही हो, ज्वालेचा.

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. गिरणीवरची पाटी आणि गुळाच्या पुड्यांचे कागद, यांवर मी वाचायला शिकले. माझी मी! लग्न होऊन समुद्रपूरला आले तेव्हा तिथला किराणेवाला एक पुस्तक फाडून पुड्या बांधत होता. सुरुवातीची पानं हळदीत गेली होती, शेवटची मिरचीत. मधलं तेवढं मी त्याच्या हातातून हिसकावलं.

त्यात ज्वाला नावाची बाई. घोड्यावर बसणारी, तोतये पकडणारी, कोणाच्या बापाला न भिणारी. तिचा मंत्र एकच: ‘आधी कडी, मग चौकशी!’ संशय आला की माणूस आत आणि कडी बाहेर.

अकरा पारायणं केली मी. तुम्हाला आई वळण लावते, मास्तर लावतो. मला ज्वालेनं लावलं. मान वर करून चालायला तिनं शिकवलं. सासूबाईंना तोंडावर “काऊन?”, म्हणजे ‘का म्हणून?’, विचारायलाही तिनंच!

“अवं, काय नाव म्हनतं तिचं?” आमचे हे मुद्दाम विचारायचे.

“ज्वाला.”

“चुलीतली का?”

असा आमचा संसार.

तर माझी नणंद शांता. गुणाची पोर, पण दोन स्थळं हातची गेलेली. तिसरं आलं नालवाडीचं, मुलगा मास्तर. सासूबाईंनी मला सकाळीच बजावलं, “हे जुळलं पाह्यजे. तुही ते ज्वाला आज फळीवरच राहू दे वो बाई!”

मुलगा आणि त्याचे मामा आले, बैठकीत बसले. आमचे हे विडे आणायला पानठेल्यावर गेले. मी पोह्यांची बशी घेऊन दाराशी पोचते, तर आतून मामांची कुजबुज:

“नकली हाये, पन कोनाले वळखू येते का, सांग?”

“नाई मामा.”

“लगन होयेस्तोवर पत्ता लागू द्याचा नाई. जास्त बोलनं झालं का निसटते, मंग माही फजिती!”

अंगावर काटा आला माझ्या! सातव्या प्रकरणात हेच होतं की! खरा नवरदेव तळघरात आणि तोतया बोहल्यावर! आणि हा मुलगा आल्यापासून आमच्याशी एक अवाक्षर बोलला नव्हता. कसा बोलेल? बोलला की निसटणार ना! तिकडे शांताचा जन्म वाया जायचा आणि मी इथे पोहे वाटू?

खाड्! कडी.

“अवं, काय करून राह्यली?” सासूबाई धावल्या. “पाव्हणे हायेत ते!”

“पाव्हणे नाई, तोतये! खरा नवरदेव कुठं दडवला, इचारा त्याइले!”

माझा आवाज तुम्हाला ठाऊकच आहे. अर्धं समुद्रपूर अंगणात जमलं. कोणी काठी आणली, कोणी दोर. एक म्हातारी तर बसायला पाट घेऊनच आली. शांता दाराआडून रडायला लागली, “वयनी, मी फटीतून पाह्यलं त्याइले. तोतया असन तरी चालते मले!”

मी बशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि गजांतून आत बोट रोखलं. “नकली कोन हाये? कबूल करा!”

मामा लालबुंद. “नकली? आमच्या घरान्यात नकली? सात पिढ्या...”

‘सात’ म्हणतानाच ते निसटलं. गजांमधून उडालं आणि थेट पोह्यांत पडलं. वरची कवळी. नवीकोरी! शेंगदाण्यांच्या मधोमध बसून माझ्याकडे बघून हसत होती.

अख्खं अंगण माना उंचावून बशीत बघायला लागलं.

“माहे फात!” आतून मामा.

कडी मीच काढली. तिसरं स्थळ मोडलं, आणि मोडलं ते मी. शांताला कोणत्या तोंडानं सामोरी जाणार होते?

मुलगा बाहेर आला. काठ्यांकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा आमच्यासमोर तोंड उघडलं. “वयनी, तोतया चालते म्हननारी मुलगी पसंत हाये मले. फक्त पोहे दुसरे आना.”

लग्न झालं. मामा लग्नभर माझ्यापासून चार हात लांब, ओठ मिटून.

पुढे मला मुलगी झाली. तिचं बारसं आटोपलं त्याच आठवड्यात जावईबापू, म्हणजे शांताचा मास्तर, आले, हातात एक पुस्तक. त्यांच्या शाळेच्या कपाटात सापडलेलं. तेच! अख्खं! मी पोरीला सासूबाईंच्या मांडीवर टाकलं आणि आधी हळदीतली पानं वाचली. पहिल्याच प्रकरणात एक ठगीण खऱ्या ज्वालेला कोंडते, कडी लावते, तिचे कपडे घालते आणि तिच्या घोड्यावर बसून निघते. मिरचीतल्या पानांत ती पकडली जाते.

म्हणजे मी अकरा पारायणं केली ती तोतयाची!

वळण काही माझं सुटलं नाही. मान अजून वर आहे, “काऊन” अजून विचारते. अडचण एकच. बारशाला मी हट्टानं, सगळ्यांशी भांडून, पोरीचं नाव ज्वाला ठेवलं होतं. आता तीही आजी झाली, तरी अजून विचारते, “आई, माह्यं नाव कोनावरून ठेवलं वो?”

मी मान ताठ ठेवून सांगते, “चुलीवरून.”