हनुवटी, पाय आणि एकच वायर

माझ्या मावशीला अख्खी गल्ली वायरमावशी म्हणते, आणि तिला त्याचा कोण अभिमान! पैसे टाकून खेळायची मोठाली यंत्रं असायची ना, बटणांवर धपाधप गुद्दे घालायची, त्यांची पॅनेलं जोडण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. तिथे प्रत्येक बटणाला स्वतःची वायर. कुठल्या रंगाच्या वायरीत जीव आला, त्यावरून कोण बोलतंय ते कळायचं.

तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, पाट्या कोरणाऱ्या दुकानात अक्षरं रेखाटायचा. मग आजारपणात त्याचे दोन्ही हात निकामी झाले. दुकानाच्या मालकीणबाईंनी त्याची खुर्ची राखून ठेवली होती, पण कुठवर ठेवणार? त्यांनी स्पष्टच सांगितलं, "शनिवारी या आणि कॉम्प्युटरवर एक पाटी काढून दाखवा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मामा भिंतीकडे तोंड करून बसला. मावशी कंबर कसून उभी राहिली.

"हात गेले तर गेले. हनुवटी आहे, पाय आहेत. जीभही आहे, पण तिला काम नको, ती आधीच ओव्हरटाइम करते."

"ताई, मी काही खेळायचं मशीन नाही."

"मशीन बरं रे. निदान उलटून बोलत नाही."

तिने जुन्या यंत्रातली दांडी मामाच्या हनुवटीखाली बसवली, स्क्रीनवरचा बाण फिरवायला. पायाखाली पेडल, जेवढं दाबाल तेवढी रेघ जाड. दोन्ही एका छोट्या सर्किटला जोडलं आणि सर्किटपासून एकच वायर कॉम्प्युटरला.

"पण कॉम्प्युटरला काय कळणार, हे काय लावलंय ते?" मी विचारलं.

"सांगावं लागतं. वायर लावली की तो विचारतो, कोण तू, काय काय पाठवणार? मग आपली वस्तू ओळख करून देते. पहिला आकडा आडव्या हालचालीचा, दुसरा उभ्या, तिसरा दाबाचा. त्यानंतर नुसते आकडे धावतात. ओळीतल्या जागेवरून तो ओळखतो, कुठला कशाचा."

दांडी झकास चालली. मामाने पेडल दाबलं मात्र, बाण सुसाट उजव्या कडेला!

"ताई, ही रेघ आहे की दावं तोडून पळालेली शेळी?"

मावशीने पेडल बदललं, वायर बदलली, सगळे जोड पुन्हा डागले. शेळी पळतच राहिली. शुक्रवार उजाडला. मामाने दांडीपासून हनुवटी काढून घेतली आणि म्हणाला, "राहू दे आता." त्याचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

इतक्यात मालकीणबाईंचा फोन आला. स्पीकर लावला आणि आम्ही तिघंही एकदम सुरू झालो.

"बाई, जमेलसं वाटत नाही..."

"जमणार! फक्त पेडल..."

"आम्ही येतोय उद्या!"

"अहो, एकेक बोला!" बाई कडाडल्या. "आणि आधी नाव सांगा. मला इथून कसं दिसणार कोण बोलतंय ते?"

मावशीने हातातला जोड डागायचा पेन खाली ठेवला. बाईंचा फोन तिने तसाच बंद केला.

"अगं बाई! मी पेडलला दांडीपासून वेगळं, एकट्याने बोलायला लावलं, पण आधी नाव सांगायला शिकवलंच नाही! पॅनेलमध्ये वायरच नाव सांगायची. इथे सगळे एकाच वायरीतून बोलतात. पेडलने दाबाचा आकडा एकटाच पाठवला की हा कॉम्प्युटर म्हणतो, पहिला आकडा ना? मग आडवं पळा!"

तिने सर्किटमधली ओळख नव्याने लिहिली. दांडीच्या दोन्ही दिशांचा एक गट, पेडलचा दुसरा. प्रत्येक गटाला नंबर, आणि प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला आपल्या गटाचा नंबर. मामाने पेडल दाबलं. बाण पुन्हा उजवीकडे.

मग मामाच हळूच म्हणाला, "ताई, वायर काढून परत लावलीस का? ओळख कॉम्प्युटर वायर लावतानाच विचारतो ना?"

"तू गप्प बस," असं म्हणत तिने वायर उपसली आणि परत लावली.

बाण जागच्या जागी राहिला. मामा हनुवटीने दांडी लोटत, पाय दाबत गेला, आणि रेघ बारीक सुरू होऊन भरत भरत वळली. मामाने अशी आरोळी ठोकली की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

शनिवारी दुकानात पितळेचा कीस पायाखाली करकरत होता. दांडी आणि पेडल तिथल्या कॉम्प्युटरला जोडून मामा बसला, मालकीणबाई हाताची घडी घालून त्याच्या मागे उभ्या. दातांच्या डॉक्टरची पाटी होती. पहिलं अक्षर पुरं झालं तशा त्या वाकल्या.

"शेपटी जाड झाली."

"जाडच हवी, बाई. पाटी रस्त्यावरून वाचायची असते, भिंग लावून नाही."

"दुकान माझं आहे."

"अक्षर माझं आहे."

बाईंनी ओठ दाबले आणि मामासमोर दुसरी ऑर्डर आपटली.

"ही दुपारपर्यंत हवी. आणि शेपटी राहू दे जाड."

मावशीने दोन बोटं तोंडात घालून सणसणीत शिट्टी मारली. मामाने मानही वळवली नाही.

"ताई, बाहेर हो. कामाच्या जागी आम्ही नातेवाईक आणत नाही."

ती ताठ मानेने बाहेर आली. पायरीवर एक गिऱ्हाईक चढत होतं, त्याला तिने हात आडवा घातला.

"जा आत, पण आवाज करू नका. माझा भाऊ काम करतोय."