धूरवाले काका

साप्ताहिकाच्या छापखान्यात कारागीर मोठं चित्र लाकडी ठोकळ्यांवर वाटून कोरत. लढाई असो की आग, धूर कायम काकांकडे. म्हणून ते धूरवाले काका.

गिरणी जळाली, त्यात त्यांची मुलगी गेली. त्याच आगीचं चित्र कोरायला आलं. काकांच्या ठोकळ्यावर कुलूपबंद खिडकीत अडकलेल्या बायका रेखाटल्या होत्या.

"यांच्यावर धूर घाला," मुकादम म्हणाला. "गिरणीमालक आपल्याला जाहिराती देतात."

"माझी पोरगी होती रे त्यांच्यात."

"मग बरंच की! नाहीतर तुम्हालाच बघवलं नसतं."

कोरलेली जागा छापताना पांढरी उमटते. काकांनी एकेक चेहरा कोरून काढला. अंक हातोहात खपला.

घरी काकूंनी विचारलं, "आपली पोर कुठंय यात?"

काकांनी धुरावर बोट ठेवलं. "इथे. मीच पुसली."