देवाला सांगितलेला पगार

मी बी.ए. झालो तेव्हा पेढे वाटले ते मी नव्हे, आमच्या खोलीने. खोली म्हणजे लालबागच्या चाळीतली आमच्या कोकणातल्या गावाची खोली. गिरणीत काम करणारे वीसेक गाववाले तिथे पाळीपाळीने झोपायचे. वडील मी लहान असतानाच गेले. आई ह्या लोकांची खाणावळ चालवायची. माझी कॉलेजची चार वर्षांची फी ह्यांनीच भरली. दर पगाराला प्रत्येकाने खोलीतल्या सामाईक पेटीत काहीबाही टाकायचं. व्याज नाही, कागद नाही. अट एकच: नोकरी लागली की पगाराचा पाचवा हिस्सा दरमहा पेटीत, म्हणजे पुढच्याला शिकता येईल. पुढचा नंबरही ठरला होता. आमच्याच चाळीत राहणाऱ्या, गावच्याच एका विधवेची मुलगी, मॅट्रिकला बसलेली.

मला फोर्टातल्या एका कचेरीत कारकुनी मिळाली. पगार पंच्याण्णव. खोलीतला अंगठेबहाद्दर विणकर सव्वाशे घ्यायचा! चार वर्षं घासून मी त्याच्या खाली, ह्याची मला भयंकर लाज वाटली.

नोकरी लागली म्हणजे देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही आमची रीत. ते घालणारे खोलीतले सर्वांत वडीलधारे, चाळीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिलेले. त्यांना सगळे आजोबा म्हणत. नारळाला हात लावून ते म्हणाले, "पगार किती सांगू रे झिला देवाक?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आईही, पिठाचे हात तसेच धरून. जीभ झडायला हवी होती माझी. मी म्हणालो, "दोनशे."

कुणाला शंकासुद्धा आली नाही. आजोबांनी देवाला सांगितलं, पोराला दोनशेची नोकरी लागली, ती टिकव रे म्हाराजा. आणि वीस गळ्यांतून "व्हय म्हाराजा" निघालं. आता खरं बोलायचं म्हणजे देवापुढे सगळ्या खोलीला खोटं पाडायचं.

हप्ता ठरला चाळीस. दोन महिने कसाबसा भरला. मग कचेरीत पगार थकलाय म्हणून थाप ठोकली. खरं तर माझा हिस्सा एकोणीस होता, तेवढा दिला असता तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण एकोणीस दिले की पंच्याण्णव उघडे पडणार! म्हणून काहीच दिलं नाही. उलट त्या पैशांत गॅबर्डीनची पॅन्ट शिवली. दोनशेवाला दिसायला नको?

एका दुपारी संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा फोर्टात आला. तो पांगल्यावर आजोबा थेट आमच्या कचेरीच्या दारात. घोषणा देऊन आवाज बसलेला. मुलगी पास झाली होती, कॉलेजात नाव घालायची मुदत संपत आली होती, पेटीत पैसे पुरत नव्हते. म्हणून माझ्या साहेबाला हात जोडून माझा थकलेला पगार मागायला आले होते. मी त्यांना पाहिलं आणि फायलींच्या कपाटाआड गेलो. हो, लपलो. शिपाई मालवणकडचाच. इथे पगार कधी थकत नाही, हे त्याने सांगितलं, आणि माझा किती तेही सांगून टाकलं. आजोबा मग "मी इल्लंय ह्यां तेका सांगू नको" एवढंच म्हणून निघून गेले.

मुदत गेली. मुलगी गिरणीच्या रीळखात्यात लागली.

पुढच्या पगाराच्या दिवशी आजोबांनी पुन्हा नारळ ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही. "म्हाराजा, दोनशे माज्या तोंडातसून गेले. पोराक पंच्याण्णव आसत. चूक म्हाताऱ्याची, ती पोराच्या माथ्यार घालू नको."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. ती मुलगीही म्हणाली. केसांत कापूस घेऊन दाराशी उभी होती. आईचा आवाज आला नाही.

मग पेटी उघडली. जो कमावतो त्याने टाकायचं, ह्या रीतीने त्या मुलीनेही पहिल्या पगारातले दोन रुपये टाकले, पुढच्या कुणाच्या तरी फीसाठी. तिच्यामागे माझा नंबर होता. मी एकोणीस टाकले, गॅबर्डीनच्या पॅन्टच्या खिशातून.