जास्तीचा उजेड

दिवा मंद झाला की तक्रार निदान ऐकून तरी घेतात. दिवा जास्त उजळतोय असं सांगायला गेलात तर तुम्हालाच वेड्यात काढतात. मावशीला तसं वेड्यात काढलं, आणि वर जे झालं त्याचं खापरही तिच्याच डोक्यावर फोडलं.

जन्मभर लोकांचे कपडे शिवले, पाय थकले तेव्हा मशीन विकून ती भाचीकडे राहायला आली. भाची घरी केक करून विकायची. सगळा धंदा एका फ्रीजच्या जिवावर. फ्रीजला स्टॅबिलायझर लावलेला. वीज कमीजास्त झाली की तो सांभाळून घेणार, असा सगळ्यांचा विश्वास. बसून खाणं मावशीला कधी जमलं नाही, म्हणून तिनं स्टॅबिलायझरच्या डब्याला क्रोशाचं निळं कव्हर विणलं होतं. आल्यागेल्याला भाची ते कौतुकानं दाखवायची.

सुईत दोरा ओवायला मावशी दिव्याखालीच बसायची, त्यामुळे आधी तिच्याच लक्षात आलं. मधेच दिवा भगभगीत व्हायचा आणि त्याच वेळी समोरच्या घरातला मिणमिणायचा. वायरमन गल्लीत दिसला तेव्हा तिनं त्याला गाठलं.

“अरे, आमच्याकडे उजेड जास्त येतोय आणि समोर कमी. जरा बघ ना.”

“लोक उजेड नाही म्हणून रडतात, मावशी. तुम्हाला जास्तीचा मिळतोय तर घ्या की,” असं म्हणून तो हसत सायकलवर बसला.

मग एका दुपारी दिवे पांढरेफटक झाले, स्टॅबिलायझरमधून धूर निघाला आणि फ्रीज गप्प झाला. शेजारच्या मास्तरांचा टीव्हीही त्याच क्षणी गेला.

फ्रीज दुरुस्त करणाऱ्यानं डब्याला करपून चिकटलेलं निळं सूत नखानं खरवडलं. “याला हवा लागायला भोकं असतात. तीच झाकून टाकलीत. या कव्हरानं घात केला तुमचा.”

उरलेलं कव्हर भाचीनं कचऱ्यात टाकलं. संध्याकाळी मावशी चहा टाकायला उठली तेव्हा भाची म्हणाली, “राहू दे, मावशी. तू आता कशाला हात लावू नकोस.”

चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. ज्या घरात कशाला हात लावायचा नाही, त्या घरात राहायचं कोणत्या तोंडानं? आणि या वयात जायचं कुठं?

मास्तरांना बरोबर घेऊन ती वीज ऑफिसात गेली. तिथल्या साहेबांनी खुर्चीतून न उठता निकाल दिला. “आजी, तुम्ही स्टॅबिलायझर झाकून ठेवलात. आणि मास्तर, तुम्ही तो लावलाच नाहीत. यात आमचा काय दोष?”

म्हणजे लावला तरी तुम्हीच चुकलात, नाही लावला तरी तुम्हीच. चोर सोडून संन्याशाला फाशी. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरं, भोकं झाकायला नको होती, हे तिला कोणी सांगितलं असतं तर तिनं मानलं असतं. पण मास्तरांच्या टीव्हीवर कुठलं कव्हर होतं?

ऑफिसचा दोष नव्हता, तरी दुसऱ्या दिवशी वायरमन गुपचूप शिडी लावून खांबावर चढला. पट्टा बांधून त्यानं पक्कड काढली. मावशी खाली येऊन उभी राहिली.

“काय झालं होतं रे?”

“न्यूट्रलची तार सुटली होती,” तो हळूच म्हणाला. “ती सैल झाली की एका घरात वीज जास्त जाते, दुसऱ्यात कमी. पण माझं नाव सांगू नका, साहेब ओरडतील.”

“आणि पूर्ण सुटली की स्टॅबिलायझर काय करतो?”

“एवढ्या दाबापुढं तो बिचारा काय करणार? जळतो.”

मावशीनं दोन्ही हातांनी शिडी उचलून भिंतीला नेऊन टेकवली.

“अहो मावशी, मी उतरू कसा?”

“कव्हरामुळे नाही, यामुळे जळलं, हेच मोठ्यानं सांग. आमच्या खिडकीकडे तोंड करून.”

दारांतून माणसं बाहेर आली. मास्तरही आले, पण शिडीकडे कोणी गेलं नाही. वायरमननं पट्टा घट्ट धरला, घसा खाकरला आणि ओरडून सांगितलं, “कव्हरामुळे नाही जळलं. आमची तार सुटली होती.”

खिडकीत भाची आली. मग पिठाच्या हातांनीच खाली उतरली आणि मावशीशेजारी उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

“चल घरी, मावशी. चहा टाक. माझं चुकलं.” तिनं शिडीला हात घातला. “आण, मी लावते.”

“थांब,” मावशी म्हणाली आणि मान वर केली. “मी तुला आधी काय सांगितलं होतं, तेही सांग.”

वायरमननं खाली जमलेल्या माणसांकडे पाहिलं.

“दिवा जास्त उजळतोय म्हणाला होतात.”

“आणि तू काय केलंस?”

“हसलो.”

“आता लाव,” मावशी भाचीला म्हणाली.