पट्टीच्या पोहणाऱ्याचं जहाजदर्शन

स्टाफरूममध्ये बढाई मारावी, पण निभावता येईल एवढीच, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. २००७ची दिवाळीची सुट्टी तोंडावर आली होती. चहा पिता पिता मी जाहीर केलं, की गोव्याजवळ समुद्रात एक जहाज बुडालेलं आहे, पाठीला हवेची टाकी बांधून तिथं उतरवतात आणि मी उतरणार. मी कोल्हापुरात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, पण स्वतःच्या मते मी मूळचा पाणबुड्या. बिद्रीजवळच्या मामाच्या विहिरीत आम्ही पोरं बुडी मारायचो. तळ गाठल्याचा पुरावा म्हणून मूठभर चिखल वर आणावा लागे, नाहीतर कुणी मानत नसे. मी दरवेळी आणायचो, आणि ही हकिगत स्टाफरूमला पाठ होती.

"मग जहाजाजवळची बी मूठ आणा की सर," बॉटनीचे चौगुले म्हणाले. "त्याबिगर आम्ही मानणार न्हाय."

"आणतो," मी म्हणालो.

बुकिंग माझं आणि साडूचं होतं. साडूनं ऐनवेळी टांग मारली. माणशी तीन हजार भरलेले, ते परत मिळत नाहीत. म्हणून बायकोला, सुनंदाला, घेतलं. तिला पोहता येत नाही. "चालेल, गाईड हात धरून नेतो," असं बुकिंगवाल्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा हे काय पोहणं, असं मला वाटलं होतं.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगतो: निपाणीला हायवे सोडायचा, आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून सावंतवाडी, पुढं पणजी. आमच्या मारुतीनं सात तास घेतले. त्यातला एक आजऱ्याच्या अलीकडं झाडाखाली भाकरी, खर्डा आणि दही खाण्यात गेला. पणजीत चारशेला खोली मिळाली. पंखा होता. तो फिरतो असा मालकाचा दावा होता.

सकाळी धक्क्यावरून बोट निघाली. नाश्ता हलका करा, असं सांगितलं होतं. मी अर्थातच चार पाव खाल्ले. तासाभरानं एका बेटाच्या आडोशाला थांबलो. जहाज खाली, चाळीसेक फुटांवर. आमचा गाईड अँथनी, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस.

"दोनच नियम," तो म्हणाला. "जहाजाला हात लावायचा नाही. आणि श्वास रोखायचा नाही."

मी मान डोलावली. हे नवशिक्यांसाठी असणार.

आधी बोटीशेजारी दोर धरून सराव. मी पाण्यात डोकं घातलं आणि छातीला कुलूप लागलं. डोकं पाण्याखाली गेलं की दम धरायचा, हे त्या छातीला मामाच्या विहिरीनं शिकवलेलं. तोंडात नळी, नळीत पाहिजे तेवढी हवा, आणि मी अभिमानानं ती घेत नाहीये! फुगलेल्या पुरीसारखा वर आलो.

"सर, दम नको. असा दम धरून खोलातून वर आलात तर फुफ्फुसं फाटतील."

"अहो, दाब कमी झाला की हवा फुगते," बोटीतून सुनंदा म्हणाली. "तुम्हीच शिकवताय की पोरांना."

हो, दरवर्षी शिकवतो. आकृतीसकट. तरी दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच, तेव्हा अँथनीनं बोटीच्या शिडीकडं बोट दाखवलं. मला लाज वाटली. खरं सांगतो, रडूच येणार होतं.

"मी जाऊ?" सुनंदानं विचारलं.

"घाबरशील."

"भीती कशाची? काठावर बसायचा कंटाळा आलाय मला."

बरोबरच होतं. पंधरा वर्षांच्या संसारात मामाच्या विहिरीवर मी तिला नेहमी न्यायचो, ते माझे कपडे सांभाळायला. तिला दम धरायची सवय नव्हती. अँथनीनं श्वास घे म्हटलं, तिनं घेतला. दोनदा सराव केला आणि दोघं खाली गेली.

अर्धा तास मी भडंग खात बुडबुडे बघत होतो. मध्येच ते दिसेनासे झाले, तेव्हा भडंगाची पुडी तशीच टाकून मी बोटीच्या काठावरून वाकलो. जहाज, स्टाफरूम सगळं गेलं खड्ड्यात, हिला वर आणा, एवढंच मनात होतं.

ती आली ती बोलतच. "केवढं धूड हो ते! खिडक्यांतनं मासे येतेत, जातेत. लई भारी!" तिची उजवी मूठ मात्र घट्ट मिटलेली. ती तिनं माझ्या तळहातावर उघडली. ओली रेती, शिंपल्यांचा चुरा.

"जहाजाची न्हाय हं, शेजारची हाय. चौगुले सरांना द्या. तुम्हीच आणली म्हणा, मी कुणाला सांगत न्हाय."

परतताना अख्खा आंबोली घाट मी ती थाप मनातल्या मनात घोळवली. चांगली जमली होती. तिच्यात एक शार्कही आला होता.

सुट्टी संपल्यावर रेतीची बाटली स्टाफरूमच्या टेबलावर ठेवली.

"मानलं सर तुम्हाला!" चौगुले म्हणाले.

शार्क तोंडाशी आला होता. "मला नका मानू," मी म्हणालो. "मी शिडीवरनंच परत आलो. आमच्या मिसेस गेल्या होत्या."

पुढं आठवडाभर काय ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

पुढच्या मे महिन्यात मामाकडं गेलो. पोहायला शिकायचं म्हणून सुनंदा तरंगण्यापुरता पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत उतरली. मी तिचा टॉवेल आणि चपला सांभाळत काठावर बसलो होतो. कंटाळा येतो खरा.