चंदेरी कागदाची मिरची

पुस्तकात वाचलेलं दुसऱ्याच्या गळ्यात मारायची खोड मला विज्ञान शिकवता शिकवता लागली. वर्गात ती खपून जाते. यावेळी गळा आप्पांचा होता, म्हणजे माझ्या वडिलांचा.

आप्पा निम्मं आयुष्य मेंढरांमागे हिंडले. चरायला रान उरलं नाही तेव्हा कळप विकून पैठणच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या एकरभर तुकड्यात त्यांनी मिरची धरली आणि कळपाइतकाच जीव तिला लावला. दोन वर्षांपूर्वी औषध फवारता फवारता ते वाफ्यातच कोसळले. आठवडाभर दवाखान्यात होते. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फवाऱ्याचा वाराही यांना लागता कामा नये, पुढच्या वेळी हाती लागणार नाहीत. मी म्हणाले, फवारायला माणूस लावू, तुम्ही घरात बसा. आप्पा भडकले.

"मला जे सोसलं नाय, ते दुसऱ्याच्या लेकराच्या अंगावर टाकू व्हय?"

मिरची सोडा म्हटलं तर उठून वाफ्यात जायचे. शहरात, उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दोन खोल्यांत या म्हटलं, तर तिथं दिवसभर कुणाकडं बघत बसू, असं विचारलं. फवारणीचा पंप मात्र अजून गोठ्यात खुंटीला टांगलेला होता, कधीही पाठीवर घेता येईल असा.

म्हणून मी त्यांच्या गळ्यात तो कागद मारला. वरून चंदेरी, खालून काळा, प्लास्टिकचा. वाफ्यावर ताणून अंथरायचा आणि भोकं पाडून रोप लावायचं. ऊन त्यावरून उलटं वर फेकलं जातं, पांढऱ्या माशीला दिपल्यासारखं होतं आणि ती पानावर उतरत नाही. ती उतरली नाही की पानं आकसून टाकणारा चुरडा-मुरडा येत नाही आणि फवारायची वेळच येत नाही. फळा नसताना मी हे सगळं त्यांना अंगणात बसवून शिकवलं. आप्पांनी दहा शंका काढल्या आणि अखेर फेब्रुवारीत कागद अंथरला.

आणि चाललं की! आजूबाजूच्या मिरच्या आकसल्या, आमची पानं लांबूनही सरळ दिसत होती. रोज सकाळी मी शाळेत निघायच्या आत फोन यायचा, "सरळ हायेत गं." एवढंच बोलून ठेवून द्यायचे. मी शिक्षकांच्या खोलीत ताठ मानेने वावरत होते.

मग रस्त्याची धूळ बसायला लागली. कागद मळला, चकाकी गेली. आप्पांनी मला विचारलंसुद्धा नाही. बादली आणि फडकं घेऊन ते आणि आई उकिडवे बसून एकेक वाफा पुसायला लागले. येणारे-जाणारे गाडी थांबवून विचारायचे, "काय आप्पा, फरशी झाली का पुसून?" आप्पा म्हणायचे, "झाली की. पाय पुसून ये." मला हे कळलं तेव्हा मी फोनवर खूप हसले. आज त्या हसण्याची लाज वाटते.

एप्रिलमध्ये झाडं अंगाने भरली. फांद्या फांद्यांना भिडल्या आणि कागद खाली झाकून गेला. हेही पुस्तकात होतं, फक्त मी ते घाईत ओलांडून गेले होते: झाड लहान आहे तोवरच कागदाचा उपयोग. मी फोन करून सांगितलं, खालच्या फांद्या छाटा, कागद उघडा पडू द्या. आप्पांनी लोकर कापायची कात्री काढली. एक ओळ कशीबशी छाटली. फुलावर आलेल्या फांद्या पायाशी पडल्या तशी त्यांनी कात्री आईच्या हातात दिली आणि बांधावर जाऊन बसले. आईच्यानेही पुढे कापवेना.

पुढच्या रविवारी मी गेले. झाड हलवलं की पांढरा भुगा उडावा तशा माश्या उठत होत्या. शेंड्याची पानं वाटीसारखी वळली होती, छाटलेल्या ओळीतलीसुद्धा. आप्पा माझ्या मागोमाग वाफ्या-वाफ्यातून फिरत होते.

"मंग फवारतो. एकदाच. तोंडाला फडकं बांधून."

"नाही आप्पा. रोग झाडात शिरलाय. आता माश्या मारून झाड बरं होत नाही." हे खरं होतं, आणि ते मी त्यांचा जीव वाचवायला सांगते आहे असं त्यांना वाटू नये म्हणून मी तीनदा सांगितलं.

त्यांनी डोक्यावरचा पटका सोडून हातात घेतला. "बरं. मंग काय करू?"

मी एक वळलेलं पान खुडून उलटंसुलटं करून बघत राहिले.

"सांग ना, बाई. तू सांगशील तसं करतो."

ते खरंच उत्तराची वाट बघत उभे होते, माझ्या सहावीतल्या मुलांसारखे. उपटून जाळा, एवढंच पुस्तकात होतं. ते माझ्या तोंडातून निघेना. शेवटी मी म्हणाले, "ऊन फार झालंय आप्पा, सावलीत चला." ते लगेच वळले आणि चालायला लागले. उभ्या जन्मात या माणसाने माझं एका शब्दात कधी ऐकलं नव्हतं. मला तिथंच, वाफ्यात, रडू फुटलं.